घट्ट म्हणजे किती घट्ट

अण्णांना उजव्या कानानं ऐकू येत नाही, आणि डाव्या कानानं सोयीचं तेवढंच ऐकू येतं. तरीसुद्धा गाडीच्या पुढच्या चाकातलं बेअरिंग कुरकुरतंय का, हे ठरवायचं झालं की मी अजून त्यांनाच हाक मारते. गाडी जॅकवर उचलून खाली स्टँड लावलेला असतो. मी चाक हातानं जोरात फिरवते. ते एक हात गुडघ्यावर ठेवून वाकतात, दुसऱ्या हाताची दोन बोटं कॉइल स्प्रिंगला लावतात आणि डोळे मिटतात. चाक मंदावत थांबेपर्यंत तसेच. मग बोटं पँटला पुसत म्हणतात, "काही नाही," किंवा "आहे."

यात जादू काही नाही. बेअरिंग म्हणजे दोन रिंगा आणि त्यांच्यामधून लोळणारे पोलादी रोलर. फिरणाऱ्या रोलरखाली खड्डा आला की त्याचा धक्का स्पिंडलमधून, म्हणजे चाक ज्याभोवती फिरतं त्या दांड्यातून, अ‍ॅक्सलला आणि अ‍ॅक्सलवरून स्प्रिंगला पोचतो. कानाला ब्रेक पॅड घासल्याचं, टायरमधला खडा लागल्याचं, शेजारच्या कुत्र्याचं असं सगळं एकदम ऐकू येतं. बोटाला फक्त लोखंडातलं कळतं. बेअरिंग चांगलं असेल तर बोटाखाली जवळजवळ काहीच लागत नाही. बिघडलेलं असेल तर बारीक रेती भरडल्यासारखी खरखर येते. ही खरखर आता माझ्याही बोटांना ओळखता येते. तरी मी अण्णांना बोलावते, कारण एकदा मी त्यांना न विचारता निकाल दिला होता. ते पुढे सांगते.

बोटांच्या आधी हिसका. घड्याळात बारा आणि सहा असतात त्या जागी चाक दोन्ही हातांनी धरायचं आणि वरून आत ढकलत खालून बाहेर ओढायचं. "टक्" झालं की पुष्कळांचा निकाल तयार असतो: बेअरिंग गेलं. जरा थांबावं. आमच्या गाडीसारखा सलग पुढचा अ‍ॅक्सल असेल, तर हाच टक् किंगपिनच्या, म्हणजे चाक ज्यावर डावीउजवीकडे वळतं त्या सांध्याच्या, बेअरिंगमधूनही येतो, आणि बाहेरून दोन्ही अगदी सारखे वाटतात. म्हणून एका माणसाला आत बसवून ब्रेक दाबायला सांगायचं. ब्रेक लागला की हब, म्हणजे चाकाचा मधला फिरणारा भाग, आणि त्याच्यामागचा न फिरणारा नकल एकमेकांना जखडले जातात. मग हललेलं बंद झालं तर प्ले, म्हणजे ढिलेपणा, चाकाच्या बेअरिंगमध्ये, आणि तसंच राहिलं तर किंगपिनमध्ये. आमच्याकडे ही परीक्षा अशी चालते:

"अण्णा, दाबा."

"काय?"

"ब्रेक! ब्रेक दाबा!"

"दाबलाय केव्हाचा. तू हलव."

रस्त्यावरच्या गाडीचं बेअरिंग मरतं ते बहुधा म्हातारपणानं. आमच्यासारख्या गाड्यांचं मरतं पाण्यानं. नदी ओलांडताना चाक बुडतं, त्यात पाणी शिरत असणार, एवढं कुणालाही सुचेल. पण पाणी नुसतं शिरत नाही, ते आत ओढलं जातं, आणि हे मला फार उशिरा कळलं. तासभर दगडाधोंड्यांतून, ब्रेक मारत मारत खाली उतरलेल्या गाडीचे हब चांगले तापलेले असतात. आतली हवा फुगून थोडी सीलच्या, म्हणजे हबच्या तोंडाशी बसवलेल्या रबरी कड्याच्या, ओठावरून बाहेर निसटलेली असते. असा तापलेला हब गार पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि हब श्वास आत घेतो. त्या वेळी सीलच्या बाहेर पाणीच असतं, त्यामुळे तो पाणीच पितो. त्यात सील हे मुळात आतलं ग्रीस आत ठेवायला आणि बाहेरची धूळ बाहेर ठेवायला बनवलेलं. पोटात ओढणारा हब आणि वर हातभर पाणी, असा दुहेरी मार त्याला फार वेळ सोसत नाही. म्हणूनच अ‍ॅक्सलच्या ब्रीदरला लांब नळी लावून ती वर बॉनेटपर्यंत नेतात, म्हणजे अ‍ॅक्सलनं श्वास घेतला तरी कोरड्या हवेतून घ्यावा. हबला मात्र असं नाक नसतं. उतारावरून तापून आलात तर काठावर दहा मिनिटं थांबा, एवढाच त्यावरचा साधा उपाय. ते कुणी करत नाही. मीही दर वेळी करते असं नाही. पलीकडे उभे असलेले लोक हात हलवत असतात.

पाणी शिरल्यावर गाडी चालवत राहिलं तर एक वेळ बरं. खरा घात पुढे होतो. सहलीहून येऊन गाडी महिनाभर उभी करायची, आत पाणी तसंच. रोलर रिंगला जिथे टेकलेले असतात तिथे, त्या बारीक फटीत, ओल धरून राहते आणि पोलादावर गंजाच्या रेघा उमटतात, कंगव्याच्या दातांसारख्या समान अंतरावर. महिन्यानंतर गाडी काढली की त्या रेघांवरून रोलर जाऊ लागतात. म्हणून माझा नियम मॅन्युअलपेक्षा कडक आहे: हब बुडाले, की त्या आठवड्यात निदान एका बाजूचा उघडायचा. ग्रीस दुधाळ निघालं तर दुसराही. स्वच्छ निघालं तर एक दुपार फुकट गेली असं अण्णा म्हणतात, मी म्हणत नाही.

उघडण्याचं काम सांगायला सोपं आहे. आधी ब्रेकचा कॅलिपर सोडायचा आणि तारेनं टांगून ठेवायचा, त्याच्या रबरी नळीवर त्याचं वजन येऊ द्यायचं नाही. मग टोपी, सर्क्लिप, फ्लँजचे नट. आमच्या फ्लँजच्या बोल्टांवर चिरलेले, निमुळते वॉशर असतात, ते ओढून जन्मात निघत नाहीत. फ्लँजच्या कडेवर पितळी दांड्यानं ठोका दिला की मात्र बियांसारखे टुणकन उडतात. त्यामागे बाहेरचा नट, त्याच्यामागे कान दुमडलेला लॉक वॉशर, मग आतला नट. हा आतला नट म्हणजे सगळ्या गोष्टीचं मूळ. तो फिरवायला नळकांड्यासारखा मोठा, आठ कोनांचा पाना लागतो. ज्यांच्याकडे तो नसतो ते छिन्नी लावून हातोडी मारतात. अशा गाड्या नटाच्या चिंबलेल्या कडांवरून ओळखू येतात, आणि मला त्या कडांपेक्षा छिन्नीनं उडालेल्या लोखंडाच्या कणांची जास्त धास्ती वाटते. ते कण कुठे गेले असतील, हे वेगळं सांगायला नको.

नट निघाला की हब किंचित पुढे ओढायचा. हबमधल्या दोन बेअरिंगांपैकी बाहेरचं आपसूक सरकून येतं. खाली तळहात धरलेला नसेल तर ते मातीत पडतं, आणि ग्रीस लागलेली वस्तू मातीत पडली की ती माती किती मायेनं धरते ते बघावं.

यानंतरचा अर्धा तास मला सगळ्यांत आवडतो. बेअरिंग डिझेलमध्ये ब्रशनं धुवायचं, रोलरांच्या फटींतून जुनं ग्रीस सुटेपर्यंत धुवायचं, आणि स्वच्छ फडक्यावर वाळत ठेवायचं. इथे कॉम्प्रेसरच्या हवेनं ते शिट्टीसारखं फिरवण्याचा मोह होतो. आवाजही मोठा गोड येतो. पण ग्रीस नाही, वजन नाही आणि वेग मात्र हजारोंचा, अशा फिरण्यानं पृष्ठभाग ओरबाडला जातो आणि रोलरांना धरून ठेवणारी जाळी फुटून ते गोळीसारखे उडू शकतात. हवा मारायची तर रिंग आणि जाळी बोटांनी घट्ट धरून. मी फडक्यावरच भागवते.

मग उन्हात नेऊन वाचायचं. आतली रिंग स्पिंडलवर बसलेली असते आणि ती चाकाबरोबर फिरत नाही. फिरतो तो हब आणि त्यात ठोकून बसवलेला कप, म्हणजे बाहेरची रिंग. जमीन चाकाला वर ढकलते, म्हणजे गाडीचा सगळा भार आतल्या रिंगच्या खालच्या बाजूवर येतो, रोज, तिथेच. म्हणून त्या रिंगवर एका बाजूला करडा पट्टा दिसतो आणि विरुद्ध बाजू नवीच्या नवी. ही रिंग स्पिंडलवर मुद्दाम किंचित सैल बसवलेली असते, म्हणजे ती मुंगीच्या पावलानं सरकत राहावी आणि झीज वाटली जावी. सरसकट मंद करडेपणा असेल तर आत बारीक धूळ गेली होती. समान अंतरावर खोलगट चरे असतील तर कधीतरी मोठा आदळ बसला होता, रोलरांनी रिंगवर ठसे उमटवले. निळसर किंवा गवताळ पिवळा रंग म्हणजे ताप. आणि कुठे पापुद्रा सुटल्यासारखा खड्डा असेल तर दमणूक. शंकेच्या जागी मी नख फिरवते. नख अडलं की बेअरिंग बाद, त्यावर चर्चा नाही. कपसुद्धा त्याच्याबरोबर बाद. नव्या रिंगला जुना कप देऊ नये, दोघांची झीज एकत्र झालेली असते.

दमणुकीच्या खड्ड्याबद्दल एक गोष्ट मला अजून अचंबित करते. तो वरून सुरू होतोच असं नाही. रोलर आणि रिंग एकमेकांना टेकतात ती जागा म्हणजे केसासारखी एक रेघ. त्या रेघेवर प्रचंड दाब येतो, आणि दोन गोल वस्तू एकमेकींवर दाबल्या की काय होतं, याचं गणित हाइन्रिश हर्ट्झनं 1881 साली मांडलं. हाच तो पुढे विद्युतचुंबकीय लहरींमुळे प्रसिद्ध झालेला हर्ट्झ. इथे त्याची सुरुवात एकमेकांवर ठेवलेल्या काचेच्या भिंगांपासून झाली होती. त्या गणितातून असं निघतं की पोलादाला फाडू पाहणारा सगळ्यांत जास्त ताण पृष्ठभागावर येत नाही, किंचित आत येतो. चीर तिथे जन्मते आणि मग वर येते. म्हणजे आरशासारख्या चकचकीत रिंगखालीही चीर जन्मलेली असू शकते, आणि ती माझ्या नखाला कधीच कळणार नाही.

रोलर नुसते गोल दांडे नसतात, निमुळते असतात, आणि त्यातच सगळी खुबी आहे. त्यांच्या आणि दोन्ही रिंगांच्या तिरक्या रेषा पुढे वाढवत नेल्या तर त्या स्पिंडलच्या मध्यरेषेवर एकाच बिंदूत मिळतात. त्यामुळे जाड टोकाशी आणि बारीक टोकाशी वेग वेगळा असूनही रोलर घसरत नाही, लोळतो. शिवाय तिरका असल्यामुळे तो वरून येणारं वजनही झेलतो आणि बाजूनं येणारा रेटाही. हेन्री टिमकेन हा घोडागाड्या बनवणारा. वळणावर भरलेल्या गाडीच्या चाकाला बाजूनं रेटा बसतो, ही त्याच्या धंद्यातली रोजची डोकेदुखी होती. 1898 साली त्याला आणि रेजिनाल्ड हाइन्झेलमनला निमुळत्या रोलरचं पेटंट मिळालं. म्हणजे मोटारीच्या चाकातला हा जिन्नस मुळात घोड्याच्या गाडीसाठी जन्मला. आजच्या पुष्कळ गाड्यांत याच्या जागी बंद डबीसारखं बेअरिंग येतं, ग्रीस भरायचं नाही, जुळवायचं नाही, गेलं की अख्खं बदलायचं. ते वाईट आहे असं मी म्हणणार नाही. माझ्यासारख्यांच्या हातात पाना पडू नये, या दृष्टीनं तर चांगलंच आहे.

आपल्या भाषेत हबला जुना शब्द आहे, तुंबा. आस, आरे, तुंबा, धाव: बैलगाडीच्या चाकाचे सगळे अवयव मराठीत जागच्या जागी होते. बेअरिंगला मात्र जुना शब्द नाही, कारण ती वस्तूच नव्हती. लोखंडी आसाभोवती लाकडाचा तुंबा फिरे आणि मध्ये वंगण. ते संपलं की गाडी स्वतःच ओरडून सांगे. आताच्या बेअरिंगमध्ये हाच मोठा दोष आहे. ते फार उशिरा ओरडतं.

ग्रीस. बहुतेकांना वाटतं ग्रीस म्हणजे घट्ट तेल. ते खरं तर साबणाच्या जाळीत धरून ठेवलेलं पातळ तेल असतं, स्पंजात पाणी असावं तसं. रोलर दाबत जातो तसं तेल थोडं थोडं पाझरतं आणि काम ते तेल करतं. साबण फक्त ते जागेवर धरतो. हा साबण लिथियमचा असतो, कॅल्शियमचा असतो, काही ग्रीसांत साबणच नसतो, पॉलियुरिया नाही तर माती असते. एका जातीच्या ग्रीसवर दुसऱ्या जातीचं भरलं तर दोन्ही जाळ्या एकमेकींना मोडू शकतात आणि तापल्यावर सगळं पातळ होऊन सीलमधून वाहून जातं. म्हणून जुन्यावर नवं थापायचं नाही, सगळं धुवायचं. रंगावरून जात ओळखू येत नाही. निळं, लाल, हिरवं हे फक्त रंग घातलेले असतात. एवढं सांगूनही माझ्या मित्रमंडळीत "लालवालं चांगलं" असं म्हणणारे आहेतच.

भरायची रीत हातानंच. डाव्या तळहातावर लिंबाएवढा गोळा घ्यायचा, बेअरिंगची जाड कड त्यात खुपसून स्वतःकडे ओढायची, पुन्हा खुपसायची. आठ-दहा वेळा केलं की रोलरांच्या मधून, वरच्या बाजूनं, बारीक बारीक शेवया बाहेर येतात. त्या दिसल्या की त्या जागेचं काम झालं, बेअरिंग थोडं फिरवायचं, पुढची जागा घ्यायची. वरून बोटानं चोपडलेलं ग्रीस दिसायला भरपूर दिसतं आणि आत पोकळ असतं. दोन बेअरिंगांमधली हबची पोकळी मात्र तोंडोतोंड भरायची नाही. ग्रीस घुसळलं जाऊन तापतं, फुगतं आणि सील ढकलतं. मी कपांच्या मागे एक जाड कड लावते, म्हणजे तापून पातळ झालेलं ग्रीस पळून न जाता परत रोलरांकडे येतं.

आता ती गोष्ट.

सहा वर्षांपूर्वी गाडी साठच्या पुढे गेली की पुढून घूं-घूं आवाज येऊ लागला. आदल्या महिन्यात नदी झाली होती. मी मनाशी दोन अधिक दोन केलं. अण्णा तेव्हा बहिणीकडे होते. मी एकटीनं दोन्ही हब उघडले. ग्रीस जुनं होतं पण दुधाळ नव्हतं. रिंगा पाहिल्या, त्यांच्यावर काही नव्हतं. इथे थांबून विचार करायला हवा होता की मग आवाज कशाचा? मी विचार केला नाही. सगळं धुतलं, नवं ग्रीस भरलं, नवी सीलं बसवली, आणि नट आवळताना मनात एकच होतं, की आता पुन्हा आवाज येता कामा नये. हाताला पुरेसं वाटलं तिथे मी थांबले नाही. आणखी पाव फेरा दिला. लॉक वॉशरचा कान दुमडला, समाधानानं दुमडला.

सत्तर किलोमीटरवर जळका वास आला. मला वाटलं क्लच. खाली उतरून पाहिलं तर पुढच्या डाव्या रिमच्या आतून काळं तेल पसरून टायरवर आलं होतं आणि हबवर पाण्याचे थेंब टाकले तर ते चर्र करून उडाले. उघडल्यावर जे दिसलं ते मी पुन्हा कधी पाहिलेलं नाही: रोलर निळे-जांभळे, जाळी एका बाजूला वितळल्यासारखी वाकडी, आणि आतली रिंग स्पिंडलला चिकटून एक झालेली. ती काढायला छिन्नी लागली. होय, छिन्नी. स्पिंडलवर तिची खूण आजही आहे, दर वेळी नट काढला की दिसते.

आणि आवाज? तो टायरचा होता. पुढच्या टायरांचे ठोकळे एका बाजूनं झिजून करवतीसारखे झाले होते. वळणावर गाडी डावीकडे-उजवीकडे हलकेच झोकून पाहिली असती तरी कळलं असतं. बेअरिंगचा आवाज भार येईल तसा बदलतो. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकावर जातो आणि डावं बेअरिंग खराब असेल तर जास्त गुरगुरतं. टायरचा आवाज तेवढा बदलत नाही, पण रस्ता बदलला की लगेच बदलतो. मी एवढं साधं केलं नव्हतं. धडधाकट बेअरिंग मी काळजीपोटी मारलं.

अण्णा परत आले, त्यांनी ती जळकी रिंग हातात घेऊन उलटसुलट पाहिली. रागावतील असं वाटलं होतं. ते आत गेले आणि ताणकाटा घेऊन आले, शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा, हूक आणि स्प्रिंगवाला.

"याच्याशिवाय नट आवळायचा नाही."

मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही तर आयुष्यभर हातानंच करत आलात."

"कोण म्हणालं?"

मला खरोखरच असं वाटत आलं होतं. लहानपणी ते गाडीखाली असत, मी बॅटरी धरून उभी असे, आणि मला दिसे तो त्यांचा हात. त्या हाताला सगळं कळतं असं मी मनात ठरवून टाकलं होतं, आणि मोठी झाल्यावर तेच माझ्या हातालाही येईल अशी वाट बघत होते. काटा माझ्या डोक्यामागे, व्हीलच्या बोल्टला अडकवलेला असायचा. बॅटरीचा उजेड तिथे पडत नसे.

"हात बनेल आहे," अण्णा म्हणाले. "उन्हात एक सांगतो, थंडीत एक. घाईत असलास की त्याला लगेच पुरे वाटतं. घाबरलास की कधीच पुरे वाटत नाही." ते मला "असलास" म्हणतात, लहानपणापासून. मीही दुरुस्त करत नाही.

तेव्हापासूनची रीत अशी. आधी नट बराच आवळायचा आणि आवळताना हब दोन्हीकडे फिरवत राहायचा, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात आणि मधलं जादा ग्रीस निघून जातं. मग नट पूर्ण सैल करायचा, हातानं फिरेल इतका. या अवस्थेत काट्याचा हूक व्हीलच्या बोल्टला अडकवून हब फिरायला लागेपर्यंत सरळ रेषेत ओढायचं. हा आकडा नुसत्या सीलच्या घासण्याचा. तो लिहून ठेवायचा. मग नट थोडा थोडा आवळत पुन्हा ओढायचं, आणि मॅन्युअलमध्ये दिलेला ताण या पहिल्या आकड्यात मिळवला की जे येईल तिथे थांबायचं. शेवटच्या खेपेला आमच्या डाव्या चाकाला सैल नटावर दीड किलो आलं आणि बंद करताना पावणेपाच. दुसऱ्या गाडीला हे आकडे लावू नयेत. काही गाड्यांना तर असा ताण चालतच नाही, त्यांना उलट किंचित प्ले ठेवावा लागतो, साधारण 0.025 ते 0.13 मिलिमीटर, डायल गेज लावून मोजतात. माणसाचा केस ठेवला तर या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी बसेल.

शेवटी बाहेरचा नट आवळला की आतला नट थोडासा सरकतो आणि सगळं बदलतं. म्हणून तो आवळल्यावर पुन्हा काटा लावायचा. हे मला सगळ्यांत जिवावर येतं. आकडा सव्वासहा दाखवतो, म्हणजे सगळं उलटं, कान सरळ करा, नट सैल करा. लॉक वॉशरचा कान दोन-तीनदा वाकवला की तुटतो, तेव्हा नवा वॉशर जवळ ठेवूनच बसते.

एका बाबतीत मात्र मी अण्णांचं ऐकलं नाही, आणि भोगते आहे. गाडीला मी मोठे टायर आणि बाहेर निघालेल्या रिम घातल्या. दिसते झकास. चाक बाहेर गेलं की त्याच्या भाराची रेषा दोन बेअरिंगांच्या मधून सरकून बाहेरच्या, धाकट्या बेअरिंगवर येते, तरफेसारखी. आणि रोलर बेअरिंगचं आयुष्य भाराच्या हिशेबात सरळ घटत नाही: भार दुप्पट झाला तर आयुष्य जवळजवळ दहावा भाग उरतं. हे लुंडबर्ग आणि पाल्मग्रेन यांनी 1947 साली मांडलेलं सूत्र. त्यात आयुष्य म्हणजे तरी काय, तर शंभरातली नव्वद बेअरिंगं जिथवर टिकतात तेवढं. तुमचं बेअरिंग उरलेल्या दहांतलं आहे की नाही, हे सूत्र सांगत नाही. पाऊण मीटर व्यासाचं चाक किलोमीटरला सव्वाचारशे फेरे घेतं; साठच्या वेगानं एका मिनिटाला तेवढेच. दर फेऱ्याला माझी हौस त्या धाकट्या बेअरिंगवर बसलेली असते. अण्णा रिमकडे बघतात, काही बोलत नाहीत, आणि माझ्याकडे सुट्या भागांच्या खोक्यात बाहेरचं बेअरिंग नेहमी दोन जास्त असतं.

परवा पुन्हा नदी झाली. काल डावा हब उघडला. ग्रीसवर कडेला पांढुरकी साय होती, आत स्वच्छ. रिंगा ठीक. नख अडलं नाही. नवं सील, नवं ग्रीस, काटा. तिसऱ्या खेपेला आकडा जमला. चाक चढवलं, अण्णांनी स्प्रिंगला बोटं लावली, डोळे मिटले, बराच वेळ तसेच राहिले.

"काय?" मी विचारलं.

"काय काय? काही नाही. उजवं कधी?"

संध्याकाळी वीस किलोमीटर जाऊन आले, शेवटचे तीन ब्रेक न लावता. उतरून हबला हाताची मागची बाजू लावली. कोमट. उजव्याला लावली. तोही कोमट, पण किंचित जास्त वाटला. मग परत डाव्याकडे गेले, परत उजव्याकडे. अंधार पडला होता, आणि दोन्ही हात ग्रीसच्या वासाचे झाले होते. घरात येऊन अण्णांना म्हटलं, उद्या उजवं काढू या.

"हातानं ठरवलंस?" ते म्हणाले, आणि उठून तापमापक शोधायला लागले.